आरोग्य संशोधनाचा लाभ मोजायला शिकताना

अर्थशास्त्रात एम.ए. झाल्यावर मी मिरजेतील एका आरोग्य संशोधन प्रकल्पात रुजू झाले आणि या प्रकल्पामुळे राज्याच्या अर्थव्यवस्थेला किती लाभ होतो, हे काढण्याचे काम माझ्याकडे आले. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या अनुदानाचा असा हिशेब राज्यवार मांडला जातो आणि अलीकडच्या वर्षांत एका डॉलरमागे सुमारे २.५ डॉलरची उलाढाल दाखवली जाते. तोच गुणक मी आमच्या अनुदानाला लावला. मार्गदर्शकांनी तो कागद परत केला आणि व्हाउचरांची फाइल माझ्यापुढे ठेवली.

नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांनी सुरुवात अशा फाइलपासूनच करावी, असे मला मनापासून वाटते. क्षेत्रसेविकांचे मानधन, म्हैसाळ-बेडगकडे जाणाऱ्या जीपचे भाडे, रक्ताच्या नमुन्यांसाठी घेतलेला बर्फ, हा पैसा तालुक्यातच फिरतो. पण तपासणीचे किट परदेशी बनावटीचे असेल, तर बिल मुंबईच्या वितरकाचे असले तरी त्याचे कमिशन तेवढे राज्यात राहते आणि उरलेली रक्कम बाहेर जाते. ही गळती वजा केल्याशिवाय गुणक लावता येत नाही. शिवाय अनुदान राज्य सरकारचेच असेल, तर तो पैसा एरवीही राज्यातच कुठेतरी खर्च झाला असता, म्हणून तो निव्वळ भर म्हणून धरू नये.

एवढे करूनही मुख्य प्रश्न उरतोच, कारण तीच रक्कम रस्त्याच्या डांबरीकरणावर खर्च केली तरी काही ना काही गुणक निघतोच. संशोधनाचे खरे मोल त्याच्या निष्कर्षात असते. सांगली आणि मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होते. तिथे रुग्ण महिनोन्‌महिने राहत आणि तेवढा काळ घरची कमाई थांबे. मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि योग्य औषधे घरी राहून घेतली तरी रुग्ण जवळपास तितकेच बरे होतात, हे सिद्ध झाले. त्या चाचणीची व्हाउचरे मद्रासमधली होती, पण वाचलेल्या खाटा आणि वाचलेली मजुरी देशभरच्या गावांतली होती. म्हणून खर्चाची उलाढाल आणि टळलेले नुकसान हे दोन आकडे वेगवेगळे मांडावेत, त्यांची बेरीज करू नये.

टळलेले नुकसान मोजणे मात्र कष्टाचे असते. सांगलीच्या हळद बाजारातील एका हमालमामांना क्षयरोग झाला होता. औषधे सरकारी दवाखान्यातून मोफत मिळत होती, तरी सहा महिन्यांच्या उपचारात त्यांचे काम बरेच बुडाले होते. दिवसाची मजुरी किती, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ताई, मजुरी दिवसावर न्हाई, पोत्यावर असती." आमच्या छापील प्रश्नावलीत त्या उत्तराला जागाच नव्हती. तेव्हापासून मजुरीच्या रकान्याशेजारी आम्ही पोत्यांचा रकाना ठेवला आहे आणि आजारापूर्वी दिवसाला किती पोती उचलली जात व उपचार चालू असताना किती, हे दोन्ही आकडे त्यात लिहून घेतो.