कोलंबोत थ्रीव्हीलने फिरायचंय? तयारी पायांपासून सुरू करा

यादीतली पहिली वस्तू म्हणजे चप्पल. पासपोर्ट, ईटीए (ऑनलाइन प्रवासपरवाना), विम्याचे कागद हे विमानात बसायच्या आधीच उरकलेलं असणार, असं धरून चालते. उघड्या रिक्षातून कोलंबो बघायला निघताना खरा प्रश्न पायात काय घालायचं हाच असतो. आम्ही तिघी होतो, सासूबाई, नणंद आणि मी. चार तासांत नऊ वेळा उतरलो, नऊ वेळा चढलो आणि त्यात चार ठिकाणी पादत्राणं काढली. मी हौसेने लेसचे बूट घालून गेले होते. दर वेळी मी पायरीवर बसून गाठी सोडतेय आणि साध्या अंगठ्याच्या चपलेतल्या सासूबाई आत जाऊन, नमस्कार करून परत आल्यात, असं चाललं होतं. तेव्हा पायात सरकवता येणारी, मागे पट्टा नसलेली चप्पल घ्या. सोबत जाड मोज्यांचा एक जोड पर्समध्ये टाका. उन्हं चढली की देवळाच्या अंगणातली फरशी तव्यासारखी तापते आणि भाविक मंडळी शांतपणे चालत असताना आपणच उड्या मारत जातो.

टुकटुक हा शब्द पर्यटकांचा. तिथली माणसं ‘थ्रीव्हील’ म्हणतात. गाडी बघून परकं वाटणार नाही, कारण रस्त्यावरच्या बहुतेक थ्रीव्हील बजाजच्या, म्हणजे आपल्या आकुर्डी-वाळूजच्या घराण्यातल्या. मागे तिघं बसतात. चौथं माणूस असेल तर दुसरी गाडी करा, पुढे चालकाच्या बाजूला कुणाला टेकवू नका. ठरवण्याआधी गाडी एकदा नीट बघा. सीटचा स्पंज बसलेला नाही ना, दोन्ही बाजूंना पावसाचे रेक्झिनचे पडदे गुंडाळलेले आहेत ना, उजव्या बाजूला आडवी दांडी आहे ना. कंबरेचं दुखणं असेल तर छोटी उशी घ्याच. सासूबाईंनी हॉटेलातली उशी मागून घेतली होती. मला तेव्हा संकोच वाटला, पण दुसऱ्या तासाला मीच ती मागत होते.

आता वार आणि वेळ. कोलंबो विषुववृत्तापासून सात अंशांवर आहे. बारा महिने दिवसाचं तापमान तिशीच्या आसपास आणि हवा ओली. डिसेंबर ते मार्च हा काळ त्यातल्या त्यात कोरडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर गडगडाट ठरलेला, त्यामुळे तेव्हा सकाळी निघा. एरवी दुपारी अडीच-तीनला निघून सहाच्या सुमाराला समुद्रावर पोचावं, कारण सूर्य वर्षभर साधारण सहा-साडेसहाच्या दरम्यानच मावळतो. रविवारी फोर्टचे, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या भागातले, रस्ते मोकळे असतात, जुन्या इमारती निवांत बघता येतात, पण बाजाराची बरीच शटर बंद. खरेदीवाल्यांनी मधला वार धरावा, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी रविवार. शुक्रवारी दुपारी मशिदीकडे जायचा बेत नको.

कॅलेंडरमध्ये पौर्णिमाही बघून ठेवा. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते. तिला ‘पोया’ म्हणतात. शब्द ‘उपोसथ’वरून आलेला, म्हणजे आपल्या उपवासाचा भाऊच. त्या दिवशी दारूविक्री बंद आणि पांढरे कपडे घातलेल्या भाविकांची देवळांत दाटी. तुम्हाला ती गर्दीच बघायची असेल तर मुद्दाम पोयाला जा, माझं मत विचाराल तर तो दिवस सगळ्यात सुंदर. फक्त चार तासांत सगळं बसवायचा हट्ट सोडा. फेब्रुवारीत गंगारामय या बौद्ध देवळाची नवम पेराहेरा असते, हत्तींची मिरवणूक. तेव्हा त्या बाजूचे रस्ते बंद होतात हे आधी विचारून घ्या.

चालकाशी बोलणी हा यादीतला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कंटाळवाणा भाग. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचं असेल तर पिकमी (तिथलं गाडी बोलवायचं ॲप) किंवा उबरवर थ्रीव्हील मिळते आणि भाडं आधी कळतं. पण अर्ध्या दिवसाच्या फेरीसाठी गाडी आणि माणूस ठरवूनच घ्यावा लागतो. आम्ही ‘फोर अवर्स’ एवढंच ठरवलं होतं, थांबण्याचे पैसे त्यातच की वेगळे हे विचारलं नाही, आणि शेवटी हॉटेलच्या दारात पंधरा मिनिटं वाद घातला. म्हणून एका कागदावर लिहा: किती तास, किती पैसे, थांबणं धरून, कुठेकुठे, आणि खाली ठळक अक्षरात ‘नो शॉप’. रत्नांच्या किंवा मसाल्यांच्या दुकानापाशी गाडी ‘फक्त पाच मिनिटं’ थांबते ती तिथल्या कमिशनसाठी. गॉल फेसच्या समुद्राकाठच्या मैदानावर भेटलेला अनोळखी सभ्य गृहस्थ ‘आज देवळात खास हत्तींचा उत्सव आहे, आत्ताच चला’ म्हणाला तर हसून पुढे व्हा. उत्सव खरा असेल तर तुमच्या चालकाला ठाऊक असतो.

पैसे श्रीलंकेच्या रुपयांत, आणि सुटे. शंभराच्या, पाचशेच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा. पाच हजाराची नोट शहाळंवाल्यापुढे धरू नका, तो बिचारा चार दुकानं हिंडून येतो. फेब्रुवारी 2024 पासून तिथे आपलं यूपीआय सुरू झालंय, मोठ्या दुकानांत क्यूआर दिसेल, पण थ्रीव्हीलमध्ये रोकडच बरी.

कपड्यांचं थोडक्यात: खांदे आणि गुडघे झाकलेले, सुती, फिकट रंगाचे. अंगावर बुद्धाचं गोंदण असेल तर पूर्ण झाका, तिथे ही बाब फार गंभीरपणे घेतात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. आणि ओढणी किंवा पदर याबद्दल मी जरा दरडावूनच सांगेन. उघड्या गाडीतून बाहेर लोंबणारी ओढणी चाकात जाते. बसल्याबसल्या पदर कमरेला खोचायचा, ओढणी आडवी घेऊन गाठ मारायची. पर्सचा पट्टा आतल्या बाजूच्या खांद्यावर, फोनला गळ्यात अडकवायची दोरी. टोपीलाही हनुवटीखाली दोरी हवी, त्याचं शेवटी सांगते.

रस्ता आखताना देवळं आणि राजवाडे नंतर बघा, आधी स्वच्छतागृहं. हसू नका. पेट्टा बाजारात ती सोय मिळणं कठीण, म्हणून त्याच्या आधी फोर्टमधलं जुनं डच हॉस्पिटल ठेवा. सतराव्या शतकातली ही बैठी, जाड भिंतींची, कौलारू इमारत आता दुकानं आणि खानावळींची झालीय. सावली आहे, बसायला जागा आहे आणि ती सोयही आहे. तिथून दोन मिनिटांवर घड्याळाचा मनोरा. 1857 साली घड्याळासाठी बांधला आणि पुढे त्याचंच दीपगृह केलं. भर चौकात दीपगृह बघून नवल वाटतं. त्या भागात राष्ट्रपतींचं निवासस्थान आहे, पहारा असतो, तेव्हा चालत्या गाडीतून फोन उगारण्याआधी चालकाला विचारा.

पेट्टा म्हणजे आपली पेठच, शब्दही आणि स्वभावही. किल्ल्याबाहेरची वस्ती. समुद्रगल्लीत, म्हणजे सी स्ट्रीटला, सोनं. गॅबोज लेनमध्ये आयुर्वेदाची मुळं-सालं, गोणी उघड्या ठेवलेल्या. पुण्याची रविवार पेठ आठवते. इथे तयारी काय करायची, तर गाडीतून उतरायची तयारी ठेवायची. आमची थ्रीव्हील एका हातगाडीमागे अडकली. गाडीवर माणसाच्या दुप्पट उंचीचे कापडाचे गठ्ठे, पुढे एक हमाल दांडा ओढतोय, मागे दुसरा डोक्याने गठ्ठा रेटतोय. या हमालांना तिथे ‘नाट्टामी’ म्हणतात. ते ओरडले की बाजूला व्हायचं, कारण भरलेली हातगाडी थांबवणं त्यांच्याही हातात नसतं. आमच्या चालकाने इंजिन बंद केलं, पाठ टेकली आणि हाताने खूण केली की चालत जा. गल्ली वळली आणि समोर लाल मशीद.

ही जामी उल-अल्फार. 1908 साली काम सुरू झालं. लाल-पांढरे पट्टे, वळणावळणाचे खांब, डाळिंबासारखे घुमट, लहान मुलाने रंगपेटी संपवावी तशी. नणंदेच्या तोंडून सहज निघालं, “अय्या!” आणि गाडी लावून मागोमाग आलेला चालक लगबगीने पुढे येऊन म्हणाला, “ओव्, मॅडम?” सिंहलीत अय्या म्हणजे थोरला भाऊ. चालकालाही तसंच हाकारतात. दिवसभरात नणंदेने त्याला असं सात-आठ वेळा बोलावलं, दर वेळी तो हसत आला.

त्यावरून आठवलं, चार-पाच शब्द पाठ करून जा. चालक वयाने लहान असेल तर ‘मल्ली’, म्हणजे धाकटा भाऊ. डावीकडे ‘वमट’, उजवीकडे ‘दकुणट’. आपल्या वाम-दक्षिणची ओळख पटते की नाही? ‘हरी’ म्हणजे ठीक, ‘इस्तुती’ म्हणजे आभार. आणि बाजारात सगळ्यात उपयोगी शब्द ‘एपा’, म्हणजे नको. सासूबाईंनी तो एकच शिकला आणि त्याच्या जोरावर पेट्टा पार केला.

गंगारामयाला पाऊण तास तरी ठेवा. आत निव्वळ देऊळ नाही, जगभरातून भेट आलेल्या वस्तूंचा पसारा आहे. जुन्या मोटारी, हस्तिदंत, पेंढा भरलेला हत्ती, भिंगातून बघायची इवलीशी बुद्धमूर्ती. मला ते सगळं जरा अति वाटलं, नणंद मात्र निघेना. तिकीट फेकू नका, बेरा तलावातल्या सीमा मालकात आम्हाला तेच चाललं. ती पाण्यावरची ध्यानाची जागा वास्तुविशारद जेफ्री बावांनी आखलेली. लाकूड, निळी कौलं, वारा, बस. पसाऱ्यानंतर तिथे गेलं की श्वास मोकळा होतो, म्हणून क्रम हाच ठेवा. सिनॅमन गार्डन्सची वस्ती, टाउन हॉलचा पांढरा घुमट, स्वातंत्र्य स्मारकाचे दगडी सिंह हे गाडीतूनही छान दिसतं. 1877 चं राष्ट्रीय संग्रहालय मात्र वेगळ्या दिवशी बघा, कँडीच्या राजाचं सिंहासन पाच मिनिटांत उरकू नये.

शाकाहारी मंडळींसाठी एक शब्द: उंबलकड. हा सुकवलेला मासा, मालदीवकडचा. खोबऱ्याच्या चटणीसारख्या दिसणाऱ्या पोल संबोलमध्ये तो बेमालूम कुटलेला असतो. भाजीतही पडतो. ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, ‘उंबलकड एपा’ असं स्पष्ट सांगा. पूर्ण निर्धास्त व्हायचं तर वेल्लवत्ते भागातल्या तमिळ शैव खाणावळी गाठा, तिथे डोसा मिळतो आणि मनही शांत राहतं. प्यायला केशरी सालीचं शहाळं, ‘तंबिली’. पाण्याची बाटली, ओआरएसच्या दोन पुड्या, छोटा टॉवेल आणि बसच्या धुरासाठी मास्क एवढं हाताशी असलं की झालं. फोन आणि पासपोर्टची प्रत झिपच्या पिशवीत घाला. रेक्झिनचे पडदे पाऊस अडवतात, पण शिंतोडे मांडीपर्यंत येतातच.

कोण कुठे बसणार हे आधी ठरवा, कारण नंतर भांडणं होतात. गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते आणि कोलंबोचा समुद्र पश्चिमेला. म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेला, वेल्लवत्तेकडून फोर्टच्या दिशेने येताना डावीकडच्या माणसाला अख्खा समुद्र. चालकाला शेवटचा टप्पा असाच घ्यायला सांगा, मरीन ड्राइव्हवरून. हो, कोलंबोलाही मरीन ड्राइव्ह आहे. मात्र तिथे रस्ता आणि लाटांच्या मधून रेल्वेचे रूळ जातात, दारात लटकलेली माणसं घेऊन आगगाडी खडखडत जाते आणि तिच्यापलीकडे पाणी चमकतं. ती जागा सासूबाईंची, हे आम्ही सकाळीच कबूल केलं होतं.

आणि गॉल फेस ग्रीन. गव्हर्नर हेन्री वॉर्डने 1859 मध्ये लोकांना फिरायला म्हणून आखून दिलेला हा समुद्राकाठचा मोकळा पट्टा. 2022 चं सरकारविरोधी आंदोलनही इथेच महिनोन्महिने ठाण मांडून होतं. संध्याकाळी पतंग, इस्सो वड्यांच्या गाड्या (डाळीच्या वड्यावर अख्खी कोळंबी), तिखटमीठ लावलेल्या फळांचं अच्चारू. इथे फेरी संपवा आणि चालकालाही वडा विचारा. वारा इतका असतो की माझी बिनदोरीची टोपी गाडीतून उतरताउतरता उडाली, रस्ता ओलांडून गवतावर गेली आणि पतंगवाल्या मुलांच्या घोळक्यात शिरली. त्यांतला एक जण ती घालून घेऊन आला, मला परत देताना सासूबाईंकडे बघून म्हणाला, “नोना (बाईसाहेब), गुड हॅट.” सासूबाईंनी ती त्यालाच देऊन टाकली. टोपी माझी होती.