पीएचडीला नाव नोंदवताय?

विषयाआधी मार्गदर्शक ठरवा, असं मी विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. शोधगंगावर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतले प्रबंध ऑनलाइन मिळतात त्या संकेतस्थळावर, त्यांच्या हाताखाली झालेले दोन-तीन प्रबंध उघडा आणि आधी संदर्भसूची वाचा. मग त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना गाठून एवढंच विचारा: प्रकरण दिलं की वाचून परत कधी मिळतं? त्या एका उत्तरावरून पुढची वर्षं कशी जातील याचा बराच अंदाज येतो.

यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क धरून किमान 3 वर्षं, कमाल 6. दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. तिथे मिळालेल्या सूचना त्याच संध्याकाळी सरांना किंवा मॅडमना मेल करा. पुढच्या खेपेला कुणी वेगळंच म्हणालं, तर लेखी काहीतरी हाताशी असतं.

माझं काम पेशवाईवरचं, म्हणून पुणे पुराभिलेखागाराबद्दल जरा सविस्तर. मोडी शिकूनच तिथे जा. कागद हाती आला की मजकुराच्या मोहात पडण्याआधी रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) आणि पुडक्याचा क्रमांक वहीत उतरवा, नाहीतर तळटीप देताना जीव मेटाकुटीला येतो. तारीख पुष्कळदा अरबी शब्दांत असते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर सन 1161. हे वर्ष मृगाला सुरू होतं. इसवी सन काढायला तेव्हापासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवा, जानेवारीपासून पुढे 600. म्हणजे 1760-61, पानिपतचं साल. हा हिशेब कागद समोर असतानाच करा.