इलेक्ट्रिक गिटारवरील स्वतंत्र बेस आणि ट्रेबल नॉब वापरण्याची सवय

बहुतेक इलेक्ट्रिक गिटारांवरील टोन नॉब एकच काम करतो, ते म्हणजे वरच्या कंपनसंख्या कापून आवाजाची धार कमी करणे. खर्ज कमी करण्याची सोय अशा गिटारवर नसते, त्यामुळे ते काम अँपवर (ॲम्प्लिफायरवर) सोपवण्याची सवय आपल्या हाताला लागलेली असते. लिओ फेंडर यांनी जॉर्ज फुलर्टन आणि डेल हायट यांच्यासह कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे उभ्या केलेल्या जी अँड एल कंपनीने ही उणीव ओळखली आणि एस-५००, लेगसी यांसारख्या गिटारांवर एक व्हॉल्यूम, एक ट्रेबल आणि एक बेस अशी मांडणी दिली. पीटीबी (पॅसिव्ह ट्रेबल अँड बेस) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मांडणीतील ट्रेबल आणि बेस हे दोन्ही नॉब सर्व पिकअपांवर, म्हणजे तारांची कंपने विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागांवर, चालतात. पारंपरिक स्ट्रॅटोकास्टर गिटारवर एक टोन नॉब नेक (मानेजवळच्या) पिकअपचा आणि दुसरा मधल्या पिकअपचा असतो, ब्रिज (तारांच्या खालच्या टोकाजवळच्या) पिकअपला मात्र टोन नॉबच नसतो. त्या गिटारवरून इकडे येणाऱ्या वादकाने हा फरक आधी मनात पक्का करावा, नाहीतर मधल्या पिकअपची धार कमी करायला म्हणून तिसरा नॉब फिरवला जातो आणि भलताच खर्ज निघून जातो.

हे सर्किट पॅसिव्ह आहे, म्हणजे त्यात बॅटरी नसते आणि कोणताही नॉब आवाजात काही वाढवत नाही. दोन्ही नॉब १० वर असताना पिकअपचा पूर्ण आवाज बाहेर येतो, आणि तिथून खाली येताना फक्त वजाबाकी होते. सवय लावताना माझा आग्रह असा असतो की अँपचे नॉब लावण्यापूर्वी गिटारवरील बेस आणि ट्रेबल दोन्ही ७ च्या आसपास ठेवावेत आणि तेथे कानाला समाधान देणारा आवाज अँपवर बसवावा. म्हणजे वाजवता वाजवता अधिक भरीव आवाज हवा असल्यास बेस वर नेता येतो, सोलोला धार हवी असल्यास ट्रेबल वर नेता येतो, आणि अँपकडे वळावे लागत नाही.

बेस नॉबचे काम समजून घेतले तर तो फिरवताना हात अडखळत नाही. पिकअपकडून येणाऱ्या सिग्नलच्या वाटेत एक लहान कॅपॅसिटर असतो, त्याची किंमत सामान्यतः ०.००२२ मायक्रोफॅरड असते, आणि त्याला समांतर १ मेगओहमचा पॉट (नॉबने रोध कमी-जास्त करणारा भाग) जोडलेला असतो. नॉब १० वर असताना पॉटचा रोध जवळजवळ शून्य असल्याने सिग्नल कॅपॅसिटरला टाळून थेट पुढे जातो. नॉब खाली आणत गेल्यावर ही मोकळी वाट अरुंद होते, वरच्या कंपनसंख्या कॅपॅसिटरमधून सहज पार होतात आणि खालच्या मागे राहतात. २५० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट आणि त्यापुढचा अँप जमेस धरला तर ही घट साधारण ३०० ते ४०० हर्ट्झच्या खाली जाणवू लागते. सर्वांत जाड तारेचा मोकळा ई सुमारे ८२ हर्ट्झचा असतो, म्हणजे त्याचा पायाच हलका होतो, पण वरचे उपस्वर शाबूत राहतात. नॉब शून्यावर आणला तरी थोडा खर्ज पॉटमधून वाट काढतोच, त्यामुळे आवाज पोकळ झाला तरी नाहीसा होत नाही.

या नॉबचे खरे मोल ओव्हरड्राइव्ह किंवा फझ, म्हणजे आवाज मुद्दाम विकृत करून खरखरीत करणारे परिणाम, चालू असताना कळते. नेक पिकअप निवडावा, ओव्हरड्राइव्ह बराच वाढवावा, मोकळ्या सहाव्या तारेवर ई पॉवर कॉर्ड छेडावी आणि ती घुमत असतानाच बेस नॉब १० वरून ५ पर्यंत सावकाश आणावा. सुरुवातीला एकमेकांत मिसळून गढूळ झालेले स्वर हळूहळू सुटे होत जातात आणि तळव्याने तारा दाबून वाजवलेले ठोके नेमके ऐकू येतात. हाच परिणाम अँपवरील बेस कमी करून मिळेल असे वाटते, पण ओव्हरड्राइव्ह पेडलमधून येत असेल तर अँपचा बेस विकृती घडून गेल्यानंतर आवाज कापतो. तोवर जोरकस खर्जाने पेडलला आधीच गुदमरवलेले असते. गिटारवरील नॉब मात्र विकृतीच्या आधी काम करतो. वजाबाकी कोणत्या टप्प्यावर होते यावर सगळे अवलंबून आहे, आणि केवळ एवढ्यासाठी मी हा नॉब टोन नॉबपेक्षा अधिक उपयोगी मानतो.

व्हॉल्यूम खाली आणल्यावरही त्याची मदत होते. व्हॉल्यूम कमी केला की केबलच्या धारकतेमुळे वरची धार आधी जाते आणि आवाज दबल्यासारखा होतो. अशा वेळी बेस थोडा कमी केला की समतोल परत येतो. बँडमध्ये बेस गिटार आणि किक ड्रम यांनी खालचा पट्टा व्यापलेला असतो, म्हणून घरी एकट्याने वाजवताना भरीव वाटणारा आवाज तेथे अडथळा ठरतो. तालमीत बेस ६ किंवा ७ वर ठेवून वाजवावे, आणि आपली गिटार स्वतःला किंचित बारीक वाटली तरी नॉब लगेच वर नेऊ नये.

ट्रेबलविषयी फारसे नवे शिकावे लागत नाही, तो नेहमीच्या टोन नॉबसारखाच चालतो. ब्रिज पिकअपवर तो ७ पर्यंत आणला की कानाला टोचणारी कड जाते. दोन्ही नॉब एकदम खाली आणले तर मधला पट्टाच उरतो आणि आवाज टेलिफोनमधून आल्यासारखा होतो. पातळीही घटते, म्हणून अँपवर किंवा बूस्टर पेडलवर ती भरून काढावी लागते.

९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या ॲक्टिव्ह प्रीअँपचे गणित निराळे आहे. त्यात बेस आणि ट्रेबल वाढवताही येतात, आणि नॉबला मध्यावर खटका असेल तर तोच मूळ आवाज समजून तेथूनच सुरुवात करावी. जुन्या गिटारवर पॅसिव्ह बेस नॉब स्वतः बसवणाऱ्यांनी १ मेगओहमचा उलट लॉग (रिव्हर्स लॉग, म्हणजे रोध समप्रमाणात न बदलणारा) पॉट मागून घ्यावा. साधा लिनिअर (समप्रमाणात बदलणारा) पॉट लावला तर बराचसा बदल १० पासूनच्या सुरुवातीच्या फेऱ्यातच उरकतो आणि उरलेल्या फेऱ्यात फारसा फरक पडत नाही.