जुना दागिना आधी पालथा करा: या चुका टाळा

ठुशी, चिंचपेटी किंवा मोत्याची नथ समोर ठेवली की प्रश्न ठरलेला, "पेशवाई आहे ना?" फोनवर फोटो पाठवून दहा मिनिटांत उत्तर मागणारेही खूप. घाट पेशवाई असेलही, पण पेशवाई १८१८ साली संपली आणि हे घाट आजतागायत घडताहेत. घाटावरून काळ ठरवणं ही सगळ्यात मोठी चूक. काळ कळतो तो मागच्या बाजूवरून, कड्यांवरून, फिरकीवरून, मोत्याच्या भोकावरून. म्हणून दागिना हातात आला की मी आधी तो पालथा करते, पुढची बाजू शेवटी.

नथीतले सगळे मोती एकसारखे गोल असतील तर ते बहुधा संवर्धित, शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, म्हणजे विसाव्या शतकात बाजारात आलेले. जुने बसरा मोती, म्हणजे आखातातले नैसर्गिक मोती, थोडे वाकडे असायचे आणि भोक बारीक, कारण मोती वजनावर विकला जाई. दातावर घासून प्लास्टिक ओळखता येतं, पण संवर्धित मोतीही दाताला तसाच खरखरीत लागतो. खात्री हवी तर प्रयोगशाळेत क्ष-किरण तपासणी करून घ्या. मात्र मोती नवे निघाले म्हणून नथच नवी, असंही म्हणू नका. नथ पुन्हा गाठवताना मोती बदलले गेलेले मी कितीदा पाहिले आहेत.

पुतळ्यांबाबत चूक उलट्या बाजूने होते. मूळची पुतळी म्हणजे व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकॅट, साधारण साडेतीन ग्रॅमचं. एकीकडे संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा शासक, म्हणजे डोज, दुसरीकडे लंबगोलात ख्रिस्त. पुढे आपल्याकडे तशाच पुतळ्या पाडल्या गेल्या. त्यांवरच्या अक्षरांच्या बहुधा नुसत्या रेघा झालेल्या असतात.

एका घरातली सतरा पुतळ्यांची माळ माझ्याकडे आली होती. भिंगाखाली तीन पुतळ्यांवर लॅटिन अक्षरं स्वच्छ दिसली. एकीवर डोज पाओलो रेनिएरचं नाव होतं, म्हणजे नाणं १७७९ ते १७८९ मधलं. सगळे हरखले, "माळ पेशव्यांच्या काळातली!" मी थांबायला सांगितलं. उरलेल्या चौदा पुतळ्यांवर लक्ष्मीचा ठसा होता आणि सतराही कड्या एकाच हातच्या, सारख्याच झिजलेल्या. नाणी जुनी होती, पण माळ आजींच्या लग्नाच्या सुमाराची. मग सूनबाई हळूच म्हणाल्या, आधी माळ बावीसची होती, पाच पुतळ्या मोडीत देऊन पाटल्या केल्या. त्या पाचांत डुकॅट किती होते ते आता कुणालाच कळणार नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मोडीत देण्याआधी प्रत्येक पुतळीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि वजन लिहून ठेवा. माझी तर यासाठी वेगळी वहीच आहे. घाई असेल त्यांनी पाटल्या पुढच्या वर्षी कराव्यात.

सफाईच्या नादात होणारं नुकसान तर भरूनच येत नाही. जुन्या बोरमाळेचे मणी पोकळ, पातळ पत्र्याचे, आत लाख भरलेली. रिठ्याच्या उकळत्या पाण्यात माळ टाकली की लाख मऊ होऊन भोकातून बाहेर येते आणि मणी नुसत्या बोटाने चेपतो. मशीनमध्ये टाकून दोन मिनिटांत लखलखीत करून मिळणाऱ्या सेवेलाही भुलू नका. मी मऊ कोरडं कापड वापरते आणि खाचांसाठी लहान मुलांचा ब्रश. कुंदनाला पाणीच लावू नका. खड्याखालच्या डाकेपर्यंत, म्हणजे चकाकीसाठी लावलेल्या पातळ पत्र्यापर्यंत, ओल गेली की खडा काळवंडतो. दोरा झिजला असेल तर पटवेकऱ्याकडून गाठवून घ्या, घरी नायलॉनमध्ये ओवू नका.

हॉलमार्क नाही म्हणून जुना दागिना खोटा ठरत नाही, आपल्याकडे सोन्याचं हॉलमार्किंग सुरू झालं तेच २००० साली.

आणि कस कमी लागला म्हणून लगेच सोनाराला बोल लावू नका. १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं तेव्हा नवे दागिने १४ कॅरेटच्या वर घडवायला बंदी होती. आजीचं लग्न कोणत्या साली झालं, ते आधी विचारा.