क्यू बद्द वाजतोय? फेरूल बदलण्याआधी या चुका टाळा

माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसंच पूल-स्नूकर खेळायच्या काठीचं, म्हणजे क्यूचंही करायचं. शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा निमुळता भाग, दोन बोटांत सैल धरा आणि बॉलला लागणाऱ्या टिपेखालच्या पांढऱ्या नळीवर, म्हणजे फेरूलवर, नखाने टिचकी मारा. खणखणीत वाजली तर फेरूलच्या वाटेला जाऊ नका. बद्द वाजली किंवा आतून झिणझिण आली, तर गोंद सुटलाय नाहीतर केसाएवढी चीर गेलीय. अशा वेळी फेरूल कशाचीही असो, फील बिघडणारच.

पण बहुतेक वेळा दोष टिपेचा असतो आणि पैसे फेरूलवर जातात. टिप चपटी होऊन दगडासारखी झाली की शॉट ‘टक्’ असा कोरडा वाजतो. आधी टिप बदला. टिप आणि बॉल एकमेकांना लागलेले असतात ते सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकेच. हाताला कळेपर्यंत बॉल सुटलेला असतो. आपण ज्याला ‘फील’ म्हणतो, त्यातला बराचसा कानाने ऐकलेला असतो. खात्री करायची तर कानात बोळे घालून चार शॉट मारून बघा.

आता माझा शहाणपणा. मी स्नूकरवरून पूलकडे आलो, पितळी फेरूलच्या आवाजाची सवय. नाशिकच्या अंबडमधल्या एका टर्नरकडून १३ मिमीच्या पूल क्यूला पितळेची इंचभर नळी करून घेतली. काम त्याने चोख केलं, चूक माझ्या डोक्यात होती. पितळ प्लास्टिकच्या साधारण सहा ते आठपट जड. क्यूच्या टोकाला वजन वाढलं की साइड देताना, म्हणजे बॉल मधोमध न मारता डावी-उजवीकडे मारताना, पांढरा बॉल उलट्या बाजूला जास्त फेकला जातो. डावी साइड दिली की बॉल उजवीकडे पळायचा आणि सोपे पॉटही (बॉल भोकात घालणं) हुकायचे. स्नूकरची फेरूल बारीक आणि आखूड असते, म्हणून तिथे पितळ चालतं. वर लेथच्या चकने, म्हणजे पकडीने, शाफ्टच्या मेपल लाकडावर तीन खुणा उमटवल्या, त्या अजून आहेत. शाफ्टला कापड गुंडाळायला मी सांगायला हवं होतं.

मटेरियलचं म्हणाल तर एबीएस प्लास्टिक मऊ आणि आवाजाला दबकं, मेलामाइन कडक आणि खणखणीत. रेझिनमध्ये कापडाचे थर दाबून केलेलं फेनॉलिक चिवट असतं, माझी पसंती त्यालाच. हस्तिदंताच्या गोष्टी जुने खेळाडू रंगवून सांगतात, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यापुढे तो विषय काढूच नका.

टिपेला लावायच्या चॉकचा निळा डाग फेरूलवरून काढायला नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको. त्यातल्या अ‍ॅसिटोनने एबीएस विरघळतं. पॉलिश पेपरही नको. फेरूल शाफ्टपेक्षा बारीक झाली की ती पायरी ब्रिजच्या, म्हणजे क्यूला पुढे आधार देणाऱ्या हाताच्या, बोटाला प्रत्येक शॉटला लागते. ओलसर कापड पुरे, फक्त पुसताना लाकडाकडून टिपेकडे.

आणि मे महिन्यात कॉलेज रोडला गाडी उन्हात लावून क्यू आत ठेवू नका. लाकूड सुकून आकसतं, पावसाळ्यात पुन्हा फुगतं. प्लास्टिक त्याच्या मापाने हलत नाही आणि मध्ये गोंद सुटतो. दिवाळीनंतर एकदा टिचकी मारून बघत जा.