न्यूमोनियातून सुटून घरी आलात? आता या चुका टाळा

ग्वाल्हेरला जानेवारीचं धुकं दाटलं की तिथल्या लष्कर भागात कुणाचे तरी आजोबा न्यूमोनियाने अॅडमिट असतातच. हॉस्पिटलातून सुट्टी मिळाली की सगळे निवांत होतात, पण खरी काळजी पुढच्या महिन्याची. अमेरिकेत याचा हिशोब ठेवतात, तिथे पासष्टीपुढच्या साधारण सहा पेशंटांतला एक ३० दिवसांत परत भरती होतो, आणि बऱ्याचदा न्यूमोनियासाठी नाही तर हार्ट, दमा, किडनी असलं जुनं दुखणं उफाळलं म्हणून.

त्यामुळे सगळ्यात मोठी चूक गोळ्यांची. अँटिबायोटिक घड्याळ लावून देतात, पण हार्टवाल्यांची लघवीची गोळी हॉस्पिटलात थांबवलेली असते ती परत कधी सुरू करायची हे कुणी विचारतच नाही, मग पायावर सूज, आडवं झालं की धाप, आणि घरचे म्हणतात कफ झालाय, वाफ द्या! सुट्टीच्या वेळी घरचा गोळ्यांचा डबाच डॉक्टरांपुढे ठेवा, एकेक विचारून घ्या.

हट्टाने सुट्टी मागू नका. ताप १०० च्या वर, नाडी १०० च्या वर, श्वास मिनिटाला २४ हून जास्त, ऑक्सिजन ९० खाली, नाहीतर तोंडाने खाणं जात नाहीये, यातलं काहीही असेल तर अजून थांबा.

आता सिगडी. खोली बंद करून सिगडी पेटवणं म्हणजे कमजोर फुफ्फुसाला धूर, वर कार्बन मोनॉक्साइड, आणि गंमत म्हणजे साधा ऑक्सिमीटर तो पकडतच नाही, आकडा छान दाखवत राहतो. उलट बोटं गारठलेली असली की आकडा उगाच कमी येतो, म्हणून आधी हात चोळून गरम करा.

पडल्यापडल्या चहा, वरणभात भरवू नका, घास श्वासनलिकेत जातो. ताठ बसवून द्या, नंतर अर्धा तास तरी आडवं करू नका. दर घोटाला ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगाच.

तापाचीच वाट बघत बसू नका, म्हाताऱ्या माणसांना कधीकधी ताप येतच नाही, नुसतं असंबद्ध बोलतात, जेवत नाहीत, श्वास जोरात चालतो. अशा वेळी उद्या बघू म्हणायचं नाही, लगेच दाखवायचं.

आणि एक्स-रेत डाग दिसला म्हणून मेडिकलमधून परत तीच अँटिबायोटिक आणू नका, वय झालेल्यांचा डाग जायला सहा आठवडे, कधी जास्तही लागतात. पन्नाशीपुढच्या बिडी-सिगारेटवाल्यांनी मात्र तेव्हा एक्स-रे परत काढायचाच, मागे गाठ लपलेली असू शकते.