नाशिकमध्ये इंग्रजी शिकवायला नवीन जॉइन होताय? आधी मुलं घरी काय बोलतात ते विचारा

सातपूर-अंबडकडच्या किंवा मखमलाबाद, आडगाव बाजूच्या शाळेत लागला असाल तर पहिल्या आठवड्यात धडा घ्यायची घाई करू नका, आधी कोणतं मूल घरी काय बोलतं ते त्यालाच विचारा. जनरल रजिस्टरमधल्या मातृभाषेच्या रकान्यावर जाऊ नका, तिथं बऱ्याचदा सरसकट मराठी नाहीतर हिंदी लिहिलेलं असतं आणि पोरगं घरी आजीशी अहिराणी बोलतं, कुणी एमआयडीसीत काम करणाऱ्या वडिलांशी भोजपुरी, पेठ-सुरगाण्याकडून आलेली मुलं कोकणा ही आदिवासी बोली. म्हणजे वर्गातल्या काहींना मराठीच दुसरी भाषा आहे आणि इंग्रजी तिसरी.

काही शाळांत "वर्गात फक्त इंग्रजी" असा नियम असतो, तो मला अजिबात पटत नाही. मूल ज्या भाषेत विचार करतं ती बंद केली की ते इंग्रजी बोलायला लागत नाही, ते गप्प होतं. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातसुद्धा मुलांच्या अनेक भाषा हे वर्गातलं साधन मानलंय, मुख्याध्यापकांशी बोलताना हा आधार कामी येतो.

मी काय करते, तर एका भाषेची दोन मुलं शेजारी बसवते, प्रश्न विचारला की आधी आपसात त्यांच्या भाषेत बोलू देते, मग फळ्यावर "आय थिंक... बिकॉज..." असं अर्धं वाक्य लिहून देते आणि बाकीचं त्यांनी भरायचं. शब्द येत असतात हो, पण आपलं क्रियापद शेवटी आणि इंग्रजीचं मधे, तिथं गाडी अडते.

आणि विषय त्यांच्या ओळखीचा घ्या. ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची वेलींची छाटणी, सुरू झाली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजूर कुटुंबं येतात, त्यांची मुलं वर्षाच्या मधेच शाळेत दाखल होतात. एक मुलगी कितीतरी दिवस काहीच बोलत नव्हती, बागेतली कामं सांग म्हटल्यावर हातवारे करत "फर्स्ट कट, देन पेस्ट, देन डिपिंग, देन थिनिंग" असं धडाधड सांगून मोकळी झाली! छाटणं, काडीला पेस्ट लावणं, घड औषधात बुडवणं, मणी विरळ करणं, हे सगळे शब्द ती बागेत रोज ऐकत होती, वर्गात कुणी विचारलेच नव्हते. गप्प मुलाला उभं करून बोलायला लावू नका, सुरुवातीला ते ऐकत असतं, "ओपन द विंडो" म्हटल्यावर खिडकी उघडली तरी त्याला कळतंय एवढं तुम्हाला कळतं.

गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणाऱ्या सेमी इंग्रजीवाल्यांसाठी खास. द्विभाषिक शिक्षणाचे कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांच्या अभ्यासानुसार गप्पांपुरती नवी भाषा साधारण 2 वर्षांत येते पण अभ्यासाची भाषा यायला 5 ते 7 वर्षं लागू शकतात, आणि हे आकडे जिथं आजूबाजूला इंग्रजीच बोलतात तिथले, आपल्याकडं तर मुलाला इंग्रजी शाळेतच काय ती भेटते. त्यामुळं शाब्दिक उदाहरण चुकलं की लगेच "गणित कच्चं" असा शेरा मारू नका, तेच उदाहरण मराठीत वाचून दाखवा, सुटलं तर अडचण इंग्रजीची आहे आणि मदत तिथं करायची.

पालकसभेत आईवडील विचारतात, घरी इंग्रजी बोलू का? त्यांना मनापासून सांगा, तुमच्या भाषेतच भरपूर बोला, गोष्टी सांगा, आज शाळेत काय झालं ते विचारा, ज्या मुलाला आपल्या भाषेत नीट सांगता येतं त्याला इंग्रजीत सांगायला शिकवणं सोपं जातं. ही सभा शक्यतो सुट्टीच्या दिवशी ठेवा, कारण रोजंदारीवरची माणसं खाडा करून येऊ शकत नाहीत.